कॉलेजची पोरं वही घेऊन दारात आली, तर...



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या सभेत इतिवृत्त वाचून झालं, थकीत हप्त्यांचं बोलणं झालं, आणि चहा येईपर्यंत म्हणून एक विषय निघाला तो चहा संपला तरी संपेना. विषय होता सर्व्हेचा. दिवाळीनंतर वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आपल्या भागात घरोघर येणार आहेत. बीपी मोजणार, बोटातून रक्त घेणार आणि पन्नासेक प्रश्न विचारणार. एकजण म्हणाली, "आमच्या घरी नको बाई, मागं रक्त नेलं ते गेलंच." दुसरी म्हणाली, "गोळ्या देणार का? देणार असतील तर बोलवा." तिसरीनं सरळच विचारलं, "त्यांच्या परीक्षेसाठी आपण रोज बुडवून का बसायचं?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखीच गटातली बाई आहे आणि आता सहयोगिनी म्हणून काम करते. पण या विषयावर लिहायला मला एक कारण आहे, ते आधी सांगते.

चार वर्षांपूर्वी असेच विद्यार्थी आमच्या गावात आले होते. कुठल्या कॉलेजचे ते लिहीत नाही, उणंदुणं काढायला हा लेख नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं बीपी त्यांनी आमच्या ओट्यावर बसून मोजलं. मुलीनं आकडा वहीत लिहिला, "झालं काकू" म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. जाऊबाईंनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पुढं दीड वर्षानं, ऐन भांगलणीत, एका सकाळी जाऊबाई उठल्या तर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बीपी किती दिवसांपासून आहे?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "त्यांना बीपी नाहीच." त्या ओट्यावरच्या दिवशी आकडा किती होता हे आम्हाला आजही माहीत नाही. तो एकाच ठिकाणी लिहिला होता, आणि ती वही कुठल्या कपाटात आहे कोण जाणे.

तरीही मी म्हणते, या वेळी दार उघडा. फक्त उघडताना आपण काय विचारायचं आणि काय सांगायचं, ते माहीत असू द्या.

ही मुलं येतात कशाला?

एमबीबीएस शिकणाऱ्या मुलांना आता पहिल्या वर्षापासून खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं वाटून दिली जातात. त्यांनी शिक्षण चालू असेपर्यंत त्या घरांच्या तब्येतीकडं लक्ष ठेवायचं असतं. याला कुटुंब दत्तक योजना म्हणतात आणि २०२१-२२ च्या तुकडीपासून ती देशभर लागू झाली. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला मात्र हे फार आधीपासून चालत आलंय. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली सुरू झालं आणि तिथं प्रत्येक नवी तुकडी एक गाव निवडते, त्या गावात पंधरा दिवस राहते, घरं वाटून घेते.

दुसरी असतात एमडी करणारी मोठी मुलं. त्यांना एका विषयावर स्वतः माहिती गोळा करून प्रबंध लिहावा लागतो, त्याशिवाय पदवी नाही. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या मुलांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देते. नर्सिंगच्या आणि समाजकार्याच्या मुलीही येतात. म्हणजे "त्यांच्या परीक्षेसाठी" हे आपल्या मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही. पण विद्यार्थ्याचं काम म्हणून ते पोरखेळ असतं असंही नाही. आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. तिथून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आपल्याकडच्या हिंदू बायकांच्या बाळंतपणाचा. तेही विद्यार्थ्याचंच संशोधन!

जोखीम आपल्याला नवी नाही

या सर्व्हेत एक शब्द सारखा येतो, 'जोखीम घटक'. घाबरू नका, आपण तो दर महिन्याला वापरतो, फक्त त्याला नाव देत नाही. गटात कर्जाची मागणी आली की आपण काय बघतो? आधीचं कर्ज फिटलंय का, बैठकीला हजेरी किती, घरात दुसरं कमावणारं कुणी आहे का. हजेरी कमी असलेली बाई हप्ता बुडवणारच असं कुणी म्हणत नाही. कित्येकदा तीच वेळेवर भरते आणि पुढच्या सतरंजीवर बसणारी बुडवते. पण दहा-वीस वर्षांच्या वहीवरून आपल्याला कळलेलं असतं, की अशा-अशा गोष्टी असल्या की हप्ता थकण्याचा संभव वाढतो. तब्येतीचं तसंच आहे. तंबाखू, जास्त मीठ, चुलीचा धूर, कमी वयात बाळंतपण, वाढलेलं बीपी हे सगळे जोखीम घटक. ते असले म्हणजे आजार झालाच असं नाही, पण संभव वाढला.

हे एका माणसाकडं बघून कळत नाही. "माझी आजी नव्वद वर्षं मिश्री लावत होती, काय झालं तिला?" असं आपण म्हणतो. एका आजीवरून काही ठरत नाही, जसं एका कर्जदारावरून गटाचा नियम ठरत नाही. म्हणून शेकडो घरं फिरावी लागतात.

आणि म्हणूनच प्रश्न इतके असतात. समजा सर्व्हेत दिसलं, की मिश्री लावणाऱ्या बायकांचं बीपी जास्त आहे. लगेच मिश्रीला दोष द्यायचा का? थांबा. मिश्री लावणाऱ्या बऱ्याच जणी वयानं मोठ्या असतात, आणि वयाबरोबर बीपी वाढतंच. मग हे मिश्रीचं की वयाचं? ते वेगळं काढायचं तर पन्नाशीच्या मिश्री लावणाऱ्या बाईची तुलना पन्नाशीच्याच न लावणाऱ्या बाईशी करावी लागते. म्हणून वय विचारतात. शेती किती, शिक्षण किती, चूल की गॅस, हेही त्यासाठीच. मुलगी आगाऊ आहे म्हणून विचारत नाही.

वयाचं एक सांगते. आपल्यातल्या पुष्कळ जणींना जन्मतारीख माहीत नाही, आणि आधार कार्डावरची एक जानेवारी कुणीतरी अशीच टाकलेली असते. त्यामुळं "असेल पन्नास" म्हणण्यापेक्षा खूण सांगा. बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होते, किंवा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझी थोरली पोटात होती. हा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, त्यावरून मुलं हिशेब बरोबर काढतात.

फरक वेगळा, तफावत वेगळी

दुसरा शब्द 'विषमता' किंवा 'तफावत'. म्हाताऱ्या माणसाचं बीपी तरुणापेक्षा जास्त असतं, हा फरक. तो निसर्गाचा आहे. पण गावठाणातल्या बाईला गरोदरपणात चार तपासण्या मिळतात आणि त्याच गावच्या माळावरच्या वस्तीतल्या बाईला एक, ही तफावत. ती माणसांनी केलेली आहे, म्हणजे माणसांना मोडता येते.

रक्तातलं लोह घ्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतातल्या बायकांपैकी शंभरात ५७ जणींचं रक्त कमी निघालं, आणि त्याच वयाच्या पुरुषांपैकी शंभरात २५ जणांचं. आपल्या महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण ५४.२. म्हणजे या वयाच्या पंधरा जणींचा गट असेल तर सरासरीनं आठ जणी. पुढच्या बैठकीत सतरंजीवर नजर फिरवा आणि अर्ध्या बाजूला मोजा, मग हा आकडा कळेल.

आता कुणी म्हणेल, बायकांना पाळी येते, बाळंतपणं होतात, मग रक्त कमी असणारच. त्यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच मोजमापात बाईला आधीच सूट दिलेली आहे. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की कमी धरतात, बाईचं १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली. इतकी सूट देऊनही आपण दुपटीपेक्षा जास्त! मग उरलेलं कुठून आलं? शेवटी जेवायला बसणारी कोण, पातेल्याच्या तळाची आमटी कुणाला, अंड्याचे पैसे कुणाच्या ताटासाठी निघतात, हे मी इथं लिहायला नको.

बीडची मोजणी

मोजल्यानं काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी बीड जिल्ह्याची गोष्ट सांगते. तिथल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भपिशवी काढून टाकण्याचं प्रमाण फार आहे, अशी कुजबुज कित्येक वर्षं होती. गावात विचारलं तर "आमच्यात बऱ्याच जणींची काढलीय" असं सहज सांगायच्या. पण कुजबुजीवर सरकार हलत नाही. २०१९ मध्ये बातम्या आल्या, गदारोळ झाला, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि घरोघर पाहणी झाली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्याला तफावत म्हणतात.

ऊस तोडणाऱ्या बाईची पिशवी काही वेगळी नसते. वेगळं असतं ते तिचं जगणं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीचे कपडे बदलायला आडोसा नाही. अंगावर पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून खासगी दवाखान्यात गेलं की "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल" अशी भीती घातली जायची. दर महिन्याचा त्रास आणि खाडा दोन्ही सुटेल या हिशेबानं बाई टेबलावर झोपायची. त्यातल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर त्या वयात पाळी जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि मोळी तर उचलायचीच असते.

मोजणी झाली आणि बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. मुकादम, उचल, खाडा हे मात्र आकडा बाहेर आल्यावरही जागच्या जागी राहिलं. मोजणीनं सगळं होतं असं मी म्हणत नाही. पण मोजणीआधी ती बाई "तिचं नशीब" होती, नंतर ती प्रश्न झाली.

डबी कमरेला आणि उत्तर 'नाही'

आता आपली चूक. चार वर्षांपूर्वीच्या त्या सर्व्हेत मलाही विचारलं होतं, "काकू, तंबाखू, मिश्री काही?" मी म्हणाले, "छे, नाही!" डबी त्या वेळी माझ्या कमरेला होती. समोर सासरे बसलेले, दारात शेजारीण उभी, मग काय सांगणार? आमच्या गल्लीतल्या बहुतेक जणींनी हेच केलं असणार. मग त्या मुलीच्या प्रबंधात काय लिहिलं गेलं असेल? या गावात बायका मिश्री लावत नाहीत. आणि जिथं मिश्री नाहीच, तिथं सोडवायला मदत कोण पाठवील?

मिश्रीकडं आपण तंबाखू म्हणून बघत नाही, दात घासायची वस्तू म्हणून बघतो. पण तंबाखू भाजून केलेली पूड ती, नशा तीच. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेऊन एक अभ्यास झाला आणि २००४ साली तो छापून आला. मिश्री किंवा तसली तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. १०५ ग्रॅम म्हणजे अर्धा पावसुद्धा नाही, असं वाटेल. पण अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. दोन किलो सहाशेचं व्हायचं ते बाळ १०५ ग्रॅम घटलं की दोन किलो चारशे पंचाण्णवला येतं. ओळ तिथंच ओलांडली जाते. हे त्या बायकांनी खरं सांगितलं म्हणून कळलं.

दुसरी लपवायची गोष्ट म्हणजे अंगावरून जाणं, खाज, पाळीचा त्रास. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं होतं. १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त शंभरात आठ. तोवर खेड्यातल्या बाईची तब्येत म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच जगभर धरलं जात होतं. दुखणं सगळ्यांना होतं, बोलत कुणीच नव्हतं.

म्हणून अशा प्रश्नांना उत्तर एकटीनं द्यायचं. सासूबाई, नवरा, शेजारीण जवळ असतील तर मुलीला म्हणा, "बाळ, जरा आत चल, चहा टाकते." चुलीपाशी बोला. आणि सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण सासवांनी परस्पर देऊ नये. "ती खाते की सगळं!" असं आपण म्हणतो. तिचं तिला सांगू द्या. 'काल दिवसभरात काय खाल्लं' असा प्रश्न आला आणि काल एकादशी असेल, तर तेही सांगा, नाहीतर त्यांच्या वहीत तुम्ही रोज साबुदाणा खाता असं जाईल.

कुलपं लावलेली घरं

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती फार उशिरा. मागच्या वेळी मुलं सकाळी अकरा वाजता यायची. अकराला गावात कोण असतं? म्हातारी माणसं, गरोदर सुना आणि किराणा दुकानदार. रोजानं जाणारी बाई आठलाच रानात गेलेली. आणि ते आले होते जानेवारीत. त्या वेळी आपल्या वस्त्यांवरची निम्मी घरं ऊसतोडीला. दिवाळीला गेलेली माणसं पाडव्याच्या सुमाराला परत येतात. मुलांनी कुलूप बघितलं, वहीत 'घर बंद' लिहिलं आणि पुढं गेली. त्यांची काही वाईट भावना नव्हती. पण ज्या घरांत रक्त सगळ्यात कमी, ज्या घरांतली पोरगी सोळाव्या वर्षी उजवली जाते, तीच घरं मोजणीतून गळाली. मग गावाची सरासरी छान दिसते! तफावत शोधायला निघालेला सर्व्हे तिथंच आंधळा होतो.

हे त्या मुलांना कोण सांगणार? त्यांच्या पुस्तकात गळतीचा धडा असेल, पण कुठल्या वस्तीला कधी कुलूप असतं हे पुस्तकात नसतं. ते आपल्यालाच माहीत.

बीपी, बोटाचं रक्त आणि अंगठा

बीपी मोजताना घाई करू देऊ नका. रानातून आल्या-आल्या, पाण्याची घागर उतरवून लगेच मोजलं तर आकडा चढलेलाच येतो. आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवून, पाय जमिनीवर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. दंडावर ब्लाऊजची घट्ट बाही गुंडाळून वर पट्टा बांधू नये. हात टेबलावर किंवा मांडीवर उशी ठेवून छातीच्या उंचीला टेकवायचा. मोजताना बोलायचं नाही, हे आपल्याला जरा जड जातं. दोनदा मोजायला सांगा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० आणि त्याच्या पुढं आला, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मोजून घ्यायचं. एका वेळच्या आकड्यावर रडत बसू नका आणि झटकूनही टाकू नका. जास्त बीपी दुखत नाही. जाऊबाईंचंही कधी डोकं दुखलं नव्हतं.

बोटाचं रक्त थेंबभर असतं. ते विकतात वगैरे गावात उठलेलं आहे, त्यात काही अर्थ नाही, थेंबाला कोण विचारतं! सुई मात्र प्रत्येकीला नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडून घ्यायची, हे बघा.

सगळ्यात आधी येतो तो संमतीचा कागद. तो मराठीत असला पाहिजे आणि वाचता येत नसेल तर त्यांनी वाचून दाखवला पाहिजे. अभ्यास कशाचा, किती वेळ लागेल, त्रास काय, फायदा काय, आणि शंका आली तर फोन कुणाला करायचा, हे त्यात हवं. कॉलेजच्या नैतिकता समितीनं अशा अभ्यासाला आधी मंजुरी दिलेली असते, ती दिलीय का हे विचारायला लाजू नका. अंगठा देणार असाल तर साक्षीदार लागतो, आणि तो त्यांच्यातला नको, आपल्यातला हवा. अठराच्या आतल्या मुलीला काही विचारायचं तर आई-बापाची संमती लागते आणि मुलीची स्वतःचीही. आई हो म्हणाली आणि मुलगी नको म्हणाली, तर नको.

तुम्ही नाही म्हणू शकता. एखादाच प्रश्न सोडू शकता. मधेच उठू शकता. त्यामुळं तुमचं रेशन, कर्ज, दवाखाना यातलं काहीही अडत नाही, आणि अडेल असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. कागदाची एक प्रत मागून ठेवा. बँकेचं पासबुक, मोबाइलवर आलेला ओटीपी यांचा अशा अभ्यासाशी काही संबंध नसतो. तो मागणारा सर्व्हेवाला नाही, चोर आहे.

या वेळी आपण काय ठरवलं

सभेनंतर आम्ही पाचजणी आरोग्य केंद्रात जाऊन कॉलेजच्या मॅडमना भेटलो. मनात धाकधूक होती, पण त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि वही उघडून लिहून घेतलं. आमचं म्हणणं असं होतं. घरोघर फिरणं संध्याकाळी पाचनंतर. ऊसतोडीच्या वस्त्यांवर पाडव्यानंतर पुन्हा फेरी. प्रत्येक बाईला तिचे आकडे त्याच दिवशी, मराठीत, चिठ्ठीवर लिहून. आणि प्रबंध झाला की आमच्या ग्रामसंघात येऊन काय निघालं ते आमच्या भाषेत सांगायचं, पडद्यावर इंग्रजीत नाही. शेवटच्या मुद्द्यावर त्या हसल्या, पण चारही गोष्टी मान्य केल्या. पाडव्यानंतरच्या फेरीसाठी त्यांना वेळापत्रक बदलावं लागणार होतं, तेही करते म्हणाल्या.

आमची पाचवी मागणी मात्र त्यांनी साफ नाकारली. मी म्हणाले होते, "ज्यांचं बीपी जास्त निघेल त्यांची यादी आमच्याकडं द्या, आम्ही पाठपुरावा करू." मला वाटलं, किती चांगलं सुचलं आपल्याला. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातात यादी आली की ती गावाच्या हातात आली. उद्या कुणाच्या लेकीचं लग्न जमताना 'तिच्या आईला आजार आहे' असं निघालं तर? जिचा आकडा आहे, तिला आम्ही देऊ. तिला वाटलं तर ती तुम्हाला दाखवील." मला परतीच्या रिक्षात बसेपर्यंत राग होता. मग माझ्याच कमरेची डबी आठवली.

तर चिठ्ठी मिळाली की ती फडताळात टाकू नका. जवळच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंना ती दाखवा. बीपी पुन्हा मोजतील, लागल्या तर गोळ्या सुरू होतील. तिथं त्या मोफत मिळतात. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, आणि पाकीट संपायच्या चार दिवस आधीच पुढच्या घ्यायला जायचं. जाऊबाईंच्या गोळ्या आता मीच आणते, बाजारच्या दिवशी, येताना मिठाच्या पुडीच्या आधी.

तुमच्या गावाची तारीख ठरली की गटाच्या सचिवांकडे निरोप येईल. त्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर घरी थांबा, आणि शेजारच्या वस्तीवर कोण कधी परतणार आहे याची माहिती असेल तर येत्या बैठकीत सांगा, म्हणजे ती पाडव्यानंतरच्या फेरीच्या कागदावर लिहिता येईल.